रात्री सरांना फोन करू का? शिकाऊ डॉक्टर आणि त्यांच्या वरिष्ठांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोकणातल्या एका रुग्णालयात मी मेडिसिन शिकवते. इंटर्न, जेआर (एमडी-एमएस करणारे ज्युनिअर रेसिडेंट), ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी आणि माझ्यासारखे शिकवणारे यांच्याकडून पुन्हा पुन्हा जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची नावं-गावं काढून टाकली आहेत. अलिबाग आणि ओरोसला २०२१–२२ पासून आणि रत्नागिरीला २०२३–२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर शिकणारेही नवे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी शिकवणारेही नवे. एकमेकांची सवय व्हायची आहे, म्हणून हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटलं.

१. इंटर्नशिप परवाच सुरू झाली. मॅडमचा माझ्यावर विश्वास बसावा म्हणून पहिल्या आठवड्यात काय करू?

हुशारी दाखवायची घाई करू नका. पहिल्या आठवड्यात आम्हाला तुमच्याबद्दल एवढंच जाणून घ्यायचं असतं, की ही जे सांगते ते तसंच असतं का. तुम्ही 'बीपी ११० बाय ७०' म्हणालात, तर ते तुम्ही आत्ता मोजलेलं असावं, सकाळच्या चार्टवरून उचललेलं नसावं.

दुसरं, हातात घेतलेलं काम अर्धवट लोंबकळत ठेवू नका. 'क्रिएटिनिन पाठवलंय' एवढं सांगून थांबू नका. 'पाठवलंय, पण लॅबचं मशीन बंद आहे, चार वाजता परत विचारते' असं सांगितलंत की आमच्या डोक्यावरचं एक ओझं उतरतं. आणि वॉर्डातल्या सिस्टरांची नावं शिकून घ्या. नवी इंटर्न कशी आहे हे आम्ही आधी त्यांनाच विचारतो.

२. 'आता हे तू एकटी कर' असं सर कशावरून ठरवतात? याला काही नियम आहे की सगळी मर्जी?

खरं सांगायचं तर थोडी मर्जी असतेच; पण ती कमी करायची पद्धत आहे. नेदरलँड्सचे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन केट यांनी २००५ मध्ये एक साधी कल्पना मांडली: विद्यार्थ्याला एकूण गुण देत बसण्यापेक्षा एकेक काम घ्या आणि ते त्याच्यावर कितपत सोपवता येईल हे ठरवा. त्याच्या पाच पायऱ्या आहेत. आधी नुसतं बघायचं. मग वरिष्ठ शेजारी उभे असताना करायचं. मग वरिष्ठ हाकेच्या अंतरावर असताना. मग एकट्याने. आणि शेवटी, दुसऱ्याला करायला शिकवायचं. आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमातही प्रत्येक कौशल्य कुठवर यायला हवं, नुसतं माहीत असणं की स्वतः करून दाखवणं, हे लिहिलेलं आहे.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्या. विश्वास कामागणिक वेगळा असतो. छातीतलं पाणी सफाईने काढणाऱ्या जेआरला मी मृत्यूची बातमी सांगायला एकटं पाठवत नाही, कारण ते काम त्याने अजून माझ्यासमोर केलेलं नाही. यात त्याचा अपमान नाही. 'मॅडम, या कामात मी कुठल्या पायरीवर आहे?' असं सरळ विचारा. विचारणारा विद्यार्थी मला तरी आवडतो.

इंटर्नसाठी मात्र एक मर्यादा नियमानेच घातलेली आहे; ती प्रश्न १२ मध्ये आहे.

३. रात्री किती बारीक गोष्टीसाठी फोन करायचा? उगाच केला तर सर वैतागतात, नाही केला तर सकाळी विचारतात.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळा विश्वास इथेच जुळतो किंवा तुटतो.

मी स्वतः शिकत होते तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात रात्री एकदा फोन केला, तर पलीकडून आवाज आला, 'एवढंही कळत नाही तर एमबीबीएस कसली झालीस?' आठवड्याभराने भातलावणी करणारा एक माणूस तापाने दाखल झाला. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता. रात्री अकराला लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी होती. मी सलाईनची गती वाढवली, एक वाजता परत बघितलं, तीन वाजता परत बघितलं. फोन समोर होता. मी तो उचलला नाही, उजाडायची वाट बघत राहिले. लेप्टोस्पायरोसिसने त्याच्या किडन्या बसत चालल्या होत्या. सकाळी त्याला डायलिसिससाठी हलवावं लागलं. माणूस वाचला, पण ते तास मी आजही विसरलेली नाही. चूक माझीच होती. पण तो फोन मी का केला नाही, हे त्या वरिष्ठांना कधी कळलंच नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

म्हणून आमच्या युनिटमध्ये ड्युटीरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलेल्या गोष्टींसाठी फोन 'करू का' हा प्रश्नच नाही, करायचाच: वरचं बीपी ९० च्या खाली, शुद्धीत फरक, लघवी कमी होत चाललेली, साप किंवा विंचू चावलेला प्रत्येक पेशंट, रक्त चढवण्याआधी, दुसरीकडे पाठवण्याआधी, नातेवाईक 'आम्ही घरी नेतो' म्हणाले तर, मृत्यू. शेवटची ओळ मी स्वतः हाताने लिहिली आहे: सिस्टर म्हणाल्या 'मला हा पेशंट ठीक वाटत नाही', तर.

तुमच्याकडे असा कागद नसेल, तर ड्युटी सुरू होतानाच विचारून घ्या: 'सर, आज कशाकशासाठी उठवू?' हे दिवसाउजेडी विचारलं की रात्रीचा फोन परवानगी घेऊन केल्यासारखा होतो.

४. फोनवर मी बोलायला लागले की सर म्हणतात, 'मुद्द्याचं बोल.' नेमकं काय बोलू?

झोपेतून उठलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात कळायला हवं की उठून बसायचं आहे की नाही. आपण परीक्षेत केस सांगतो तशी तक्रारीपासून सुरुवात केली, तर मुद्दा तिसऱ्या मिनिटाला येतो. उलट करा. असं:

'सर, मेल मेडिसिनमधून इंटर्न बोलतेय. एका पेशंटसाठी तुम्ही यावं असं वाटतं. पंचेचाळीस वर्षांचे शेतकरी, पाच दिवस ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत. दुपारपासून लघवी फक्त शंभर मिली. बीपी १०० बाय ६०, मी आत्ता मोजलंय. मला लेप्टो वाटतोय. रक्त पाठवलंय, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणून ठेवलंय, सुरू करू का?'

यात तुम्हाला काय वाटतं आणि काय हवं आहे, दोन्ही आलं. निदान चुकलं तरी चालेल. सरांनी डोस सांगितला की तो परत म्हणून दाखवा आणि केसपेपरवर वेळेसकट लिहा. पावसाच्या आवाजात पंधरा आणि पन्नास सारखेच ऐकू येतात.

५. सरांनी विचारलेली गोष्ट मी तपासलीच नसेल तर? 'नाही बघितलं' म्हणायची लाज वाटते.

म्हणा. 'नाही बघितलं, आत्ता बघून पाच मिनिटांत सांगतो.' एवढंच.

जुलैतली एक रात्र सांगते. मळ्यात काम करताना फुरसं चावलेल्या एका बाईंना आणलं होतं. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, म्हणून आपण काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ते वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतो आणि मग एकदाच नळी तिरकी करून बघतो. इंटर्नचा फोन आला: 'मॅडम, रक्त गोठलेलं नाही. पण खरं सांगतो, मी बाराव्या मिनिटालाच नळी उचलून बघितली. राहवलं नाही.' मी म्हटलं, नवी नळी घे, घड्याळ लाव, तिथेच बसून राहा, मी निघाले. दुसऱ्या नळीतही वीस मिनिटांनी रक्त पाण्यासारखं वाहिलं आणि आम्ही प्रतिविष सुरू केलं.

ते वाक्य त्याने गिळलं असतं तर त्या रात्री काही बिघडलं नसतं, उत्तर तेच आलं असतं. पण त्यानंतर त्याने सांगितलेली कुठलीही नोंद मी दुसऱ्यांदा विचारली नाही. 'बघितलं' म्हणून खोटं सांगणारा एकदा जरी सापडला, तरी त्याची प्रत्येक नोंद आम्हाला परत तपासावी लागते, आणि तो वेळ दुसऱ्या पेशंटचा असतो.

६. माझ्या हातून चूक झाली आहे. सांगू का? कसं?

आधी पेशंट सांभाळा. मग लगेच वरिष्ठांना फोन करा, कुठून तरी त्यांच्या कानावर जायच्या आत. काय झालं, किती वाजता, पेशंट आता कसा आहे, एवढंच सांगा, कारणं नंतर. केसपेपरवर खाडाखोड करू नका, जुनं पान फाडू नका. खाली नवी नोंद वेळ घालून करा. नातेवाइकांशी वरिष्ठांनी बोलावं आणि तुम्ही शेजारी उभं राहावं. तुम्हाला एकट्याला पुढे करणं ही वरिष्ठांची चूक आहे, हे मी शिकवणाऱ्यांना मुद्दाम सांगते. पुढे काय होतं त्यासाठी प्रश्न १४ बघा.

७. मी लेक्चरर आहे. ज्युनिअर मला फोन करायला घाबरतात असं कानावर आलं. मी तर कुणाला कधी 'फोन करू नका' म्हटलेलं नाही.

म्हणावं लागत नाही. सुस्कारा पुरतो. रात्री दोन वाजता तुमच्या तोंडून निघालेला पहिला शब्द सकाळी मेसमध्ये सगळ्यांना माहीत असतो.

एक सवय लावून घ्या. काहीही ऐकण्याआधी म्हणा, 'बरं झालं फोन केलास.' फोन अगदी फालतू होता असं वाटलं तरी. काय चुकलं ते सकाळी, चहा घेताना, त्याच्या एकट्याशी बोला. दुसरं, तुमच्या ड्युटीला आठ-आठ दिवस रात्री एकही फोन येत नसेल, तर वॉर्ड शांत आहे असं समजू नका. पावसाळ्यात कोकणातला मेडिसिनचा वॉर्ड आठ दिवस शांत राहत नाही. सकाळी सिस्टरांना विचारा, रात्री काय झालं होतं.

आणि राउंडवर सगळ्यांसमोर कधीतरी 'मला माहीत नाही, बघून सांगते' म्हणा, आणि खरंच बघून सांगा. मी हे करायला लागल्यावर माझ्या ज्युनिअरांचे प्रश्न वाढले. सुरुवातीला मला भीती वाटली होती की आदर कमी होईल. तसं झालं नाही.

८. सगळं परत तपासलं तर 'सरांचा विश्वास नाही' म्हणतात. नाही तपासलं तर जबाबदारी माझी. काय करावं?

आधीच सांगून टाका: 'पहिला महिना मी प्रत्येकाचा प्रत्येक पेशंट परत बघणार आहे.' सगळ्यांना एकच माप लावलं की कुणाला टोचत नाही. बघून झाल्यावर निष्कर्ष त्याला कळवा, विशेषतः त्याचं बरोबर असेल तेव्हा. मग कामागणिक हात सैल सोडा (प्रश्न २).

९. आमचे सर सगळं करू देतात, बघायलाही येत नाहीत. बाकीच्या युनिटमधले हेवा करतात. हा विश्वासच ना?

एक गोष्ट तपासून बघा. तुम्ही काल काय केलंत, ते त्यांनी आज विचारलं का? ज्याने काम तुमच्यावर विश्वासाने सोपवलं आहे, तो ते कसं झालं हे विचारतो, कागद वाचतो, बोलावलं तर येतो. यातलं काहीच होत नसेल तर तुम्ही एकटे पडला आहात. सुरुवातीला छान वाटतं, हात चालतो. पण चुकीच्या पद्धतीने शिकलेला हात पुढे आयुष्यभर तसाच चालतो, कारण तो चुकतोय हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. अशा वेळी स्वतःहून मागा: 'सर, उद्या लंबर पंक्चर करताना दहा मिनिटं उभे राहाल का? माझं काय चुकतंय ते बघायचंय.' अशी विनंती सहसा कुणी मोडत नाही.

१०. मी तीन महिने डीआरपीला (जिल्हा निवासी कार्यक्रमाला) तालुक्याच्या ठिकाणी आहे. मार्गदर्शक फोनवर, आणि पावसात रेंज जाते. अशात विश्वास कसा टिकवायचा?

एमडी-एमएसच्या प्रत्येकाला जिल्हा निवासी कार्यक्रमात हे तीन महिने करावेच लागतात, आणि आपल्याकडे ते बहुतेकांना नेमके आडगावात किंवा भर पावसात येतात. फोनवरचा विश्वास आधी समोरासमोर बसून ठरवावा लागतो. निघण्याआधी मार्गदर्शकांकडून हे घ्या: दोन नंबर, एक लँडलाइन, संपर्क झालाच नाही तर तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर काय सुरू करायचं, आणि किती बिघडल्यावर वाट न बघता हलवायचं. उदाहरणार्थ, प्रतिविष देताना रिअ‍ॅक्शन आली तर मोठ्या माणसाला मांडीत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन द्यायला कुणाच्या फोनची वाट बघायची नाही, हे आधी बोलून ठेवलेलं असावं.

हलवण्याचा निर्णय आपल्याकडे शहरापेक्षा लवकर घ्यावा लागतो. १०८ येईपर्यंतचा वेळ, मग रात्रीचा घाट किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता, हे सगळं हिशेबात धरा. शहरातल्या वरिष्ठांच्या हे लक्षात येत नाही. 'सर, इथून निघाल्यावर पोचायला किती तास लागतील' हे वाक्य फोनवर म्हणाच.

पोस्टिंग वाया जातं असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. रायगड जिल्ह्यात, महाड-बिरवाडी भागात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचे पेशंट रात्र-रात्र शेजारी बसून बघितले, एकेक लक्षण टिपून ठेवलं. ऐंशीच्या दशकात त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि ती निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तुमच्या ज्युनिअरने वाडीवरच्या दवाखान्यातून काही वेगळं दिसतंय म्हणून फोन केला, तर तो शेवटपर्यंत ऐकून घ्या.

११. मी विदर्भातून आलोय. पेशंटची मालवणी कळत नाही आणि सर म्हणतात तुझी हिस्ट्री अर्धवट असते.

पेशंट जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा, आपला अर्थ लावून नको. 'माका कसातरीच होता' याचं तुम्ही 'अशक्तपणा' केलंत, तर एखादा हार्ट अ‍ॅटॅक हातातून जाईल. वॉर्डातल्या मावशींना शेजारी उभं करून विचारा. आणि सरांना सांगा, 'सर, भाषा कळत नाही, म्हणून हिस्ट्री दोनदा घेतोय.' हे न सांगता अर्धवट कागद दिला की तो आळस वाटतो. वरिष्ठांनीही अशा मुलाला पहिले पंधरा दिवस स्थानिक जोडीदार द्यावा.

१२. मी न बघितलेल्या पेशंटची नोंद मला करायला सांगतात, कधी दाखल्यावर सही मागतात. नाही म्हटलं तर विश्वास जाईल का?

इंटर्नला स्वतःच्या सहीशिक्क्याने वैद्यकीय दाखला, मृत्यूचा दाखला किंवा पोलीस केसचा कागद देता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या इंटर्नशिप नियमांत हे स्पष्ट आहे. काम वरिष्ठांच्या देखरेखीखालीच करायचं, स्वतंत्रपणे नाही, हेही त्यातच आहे. तेव्हा 'सर, मी लिहून ठेवतो, सही तुमची लागेल' असं नम्रपणे म्हणा.

न बघितलेल्या पेशंटचं: 'सर, दहा मिनिटं द्या, बघून लिहितो.' यात नकार नाही आणि खोटंही नाही. एवढ्यावर कुणाचा विश्वास जात असेल तर तो जाऊ द्या. तशा माणसाला तुमची फक्त सही हवी होती.

१३. सरांचा निर्णय चुकतोय असं वाटलं तर बोलायचं का?

बोलायचं. सिरिंज हातात असेल आणि पेशंटला त्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर कुणाचीही भीड न धरता, सगळ्यांसमोर, 'सर, थांबा.' बाकी वेळी बाजूला घेऊन प्रश्न म्हणून विचारा: 'सर, प्लेटलेट्स वीस हजार आहेत, तरी इंजेक्शन मांडीत द्यायचं ना?' बऱ्याचदा वरिष्ठांच्या नजरेतून रिपोर्ट सुटलेला असतो. उत्तर मिळालं नाही तर एकदा स्पष्ट म्हणा, 'मला या पेशंटची काळजी वाटतेय.' तरीही नाही, तर युनिटच्या प्रमुखांना विचारा, आणि विचारणार आहात हे सरांना आधी सांगा. पाठीमागून गेलात तर मुद्दा बरोबर असूनही कटुता राहते.

१४. एकदा गेलेला विश्वास परत मिळतो का?

मिळतो, पण नुसत्या 'सॉरी'ने नाही. वरिष्ठांना भेटा आणि विचारा, 'कुठल्या कामात तुम्हाला आता माझी खात्री वाटत नाही?' उत्तर 'सगळ्यातच' असं आलं तर थोडं थांबून परत विचारा. राग ओसरल्यावर ते नेमकं एखादं काम निघतं. तेवढं काम त्यांच्यासमोर करून दाखवायची संधी मागा.

वरिष्ठांनो, तुमच्यासाठी: मुदत सांगा. 'पुढचे दोन आठवडे तुझे सगळे डोस मी बघणार, मग परत बोलू.' आणि दोन आठवड्यांनी खरंच बोला. मुदत न सांगता चालू ठेवलेला संशय मुलांना आतून पोखरतो. चांगली मुलगी त्यापायी पोस्टिंग बदलून गेल्याचं मी बघितलं आहे.

१५. सर पेशंटसमोर ओरडतात, घरच्यांवरून बोलतात, सलग ड्युट्या लावतात. हे शिकवणं आहे की रॅगिंग?

चुकीबद्दल कडक शब्द मिळणं, तेही एकांतात, हा शिकवण्याचा भाग असू शकतो. आई-बापावरून, जातीवरून, कपड्यांवरून बोलणं, मुद्दाम उपाशी-झोपेविना ठेवणं, शिक्षा म्हणून ड्युट्या लावणं हे शिकवणं नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे कामाचे तास वाजवी असावेत आणि रोज विश्रांती मिळावी, असं आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आहे. रॅगिंग महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे जा. देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास सुरू असते. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १४४१६ वर 'टेली मानस'ला फोन करा, जवळच्या कुणाला तरी शेजारी बोलावून घ्या. इथे एकटं राहू नका.

१६. माझे मार्गदर्शक आमच्याच वाडीतले, वडिलांच्या ओळखीचे. वडिलांनी त्यांना 'पोरीकडे लक्ष ठेवा' म्हणून सांगितलंय. मैत्रिणी म्हणतात तुला सगळं सोपं आहे.

कोकणात हे होणारच, इथे दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला नातं निघतं. गणपतीत एकमेकांच्या घरी आरतीला जाल, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण वॉर्डात ते 'काका' नाहीत, 'सर'च. तुमचं मूल्यमापन दुसऱ्या शिक्षकांनी करावं असं तुम्ही दोघांनी मिळून विभागप्रमुखांना सांगा. लॉगबुकवरची सहीही शक्य तितकी त्या दुसऱ्या शिक्षकांचीच घ्या.

वडिलांशी मात्र तुम्हालाच बोलावं लागेल. वॉर्डातलं घरी आणि घरचं वॉर्डात जाणार नाही, तुमच्या ड्युटीबद्दल त्यांनी सरांना फोन करायचा नाही. त्यांना ते लागेल. एका वडिलांनी मला शिमग्याला भेटून विचारलं होतं, 'मग तिचं कसं चाललंय ते कुणाला विचारू?' मी म्हटलं, तिलाच विचारा. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'ती सांगेल?'

मी म्हटलं, विचारून बघा. आणि ती सांगायला लागली की मध्ये बोलू नका.